चार बोटं कमी पडलेली पेटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या बाईंना तर नाहीच नाही. दौंडला असताना मी एका माणसाची पेटी आखूड केली. तो त्यात सरळ मावला नाही. मी त्याला गुडघ्यात दुमडून कुशीवर घातला, वरून झाकण स्क्रूनं आवळलं, आणि त्याचं तोंड शेवटचं बघायला मनमाडकडून आलेल्या त्याच्या बहिणीला सांगितलं की डॉक्टरांनी उघडायला मनाई केली आहे. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नव्हतं.

याला आता बारा-तेरा वर्षं होतील. बाई अजून आहेत. म्हणून हे लिहायचं.

आमचं घर न्हावऱ्याच्या बाजूचं, सुतारकीचं. माझ्या लहानपणी पाभर, नांगर, गाडीची चाकं असं काम दारात पडलेलं असायचं. ट्रॅक्टर आले तसं ते आटलं, आणि नव्वद सालच्या आसपास मी दौंडला चुलत्यांकडे गेलो. त्यांना सगळे तात्या म्हणत. रेल्वे कॉलनीच्या मागच्या अंगाला त्यांची पत्र्याची शेड होती. पाटी नव्हती. ज्याला यायचं तो विचारत विचारत येई, आणि बाकीचे शेड आली की रस्त्याची पलीकडची बाजू धरत. तात्या ख्रिस्ती माणसांच्या पुरण्याच्या पेट्या करत.

दौंडात हे काम रेल्वेबरोबर आलं. गोरे साहेब, ड्रायव्हर, गार्ड, त्यांच्या बायका-मुलं इथं राहिली, इथंच गेली, आणि त्यांच्यासाठी दफनभूमी झाली. पहिल्या पेट्या म्हणे डबे दुरुस्त करणाऱ्या सुतारांनीच केल्या. त्यातल्याच एका सुताराच्या शागिर्दाकडून तात्या शिकले. त्या माणसानं मरताना तात्यांना पितळी मुठींच्या दोन जोड्या दिल्या होत्या. कुणाच्या घरची ऐपत असो-नसो, तात्या पेटीला त्या मुठी लावत, चार खांद्यांवरून पेटी दफनभूमीत गेली की खड्ड्याच्या काठावर काढून घेत, पुसत आणि फडक्यात बांधत. म्हणजे गँगमन असो की स्टेशनमास्तर, सगळे त्याच मुठींनी उचलले गेले. साहेबांच्या काळात पेटीला सागवान असे. मग आंबा आला. मी गेलो तेव्हा कुरकुंभच्या कंपन्यांत मशिनरी ज्या खोक्यांतून यायची त्यांच्या फळ्या भंगारवाल्याकडं मिळायला लागल्या होत्या. हलक्या, रंधा मारला की पांढऱ्याशुभ्र निघणाऱ्या. काहींना औषधाचा वास असे, त्या उन्हात टाकून ठेवायच्या. बाहेरून काळं कापड, आतून पांढरं, झाकणावर पांढऱ्या फितीचा क्रूस. खांद्याशी रुंद, पायाशी निमुळती. एक पेटी करायला मला चार तास लागत, तात्यांना तीन.

माप मात्र टेपनं घ्यायचं नाही, दोरीनं घ्यायचं. साधी सुती दोरी. डोक्यापासून टाचेपर्यंत एक गाठ, खांद्याला दुसरी, छातीच्या उंचीला तिसरी. मी एकदा विचारलं तर तात्या म्हणाले, "टेपचा आवाज होतो रं. खाटेजवळ आई बसलेली असती. दोरी मुठीत मावती, तिला कळत बी न्हाई कवा माप घेतलं ते." पेटी झाली की ती दोरी मयताच्या पायाशी ठेवायची, दुसऱ्या कुणाला वापरायची नाही. जिवंत माणसाचं माप घ्यायचं नाही. पेटी आधी करून ठेवायची नाही. मापाच्या वर चार बोटं मोकळी सोडायची. असे सगळे नियम.

आणि एक काम तात्या दर दोन-तीन महिन्यांनी करत. नवं रीळ आणलं की सगळी दोरी बादलीत भिजत घालायची, आणि मग शेडपासून लिंबाच्या झाडापर्यंत ताणून, मध्ये वीट लटकवून वाळवायची. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटायचं हा सोवळ्याचा प्रकार आहे. मयताला लागणारी वस्तू, म्हणून धुऊन घेत असतील.

ह्या कामानं माणूस एकटा पडतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. हाताला काम चांगलं होतं माझ्या. फावल्या वेळात पलंग, पाट, दिवाण करून ठेवी. एकदा खुटबावचे एक पाहुणे मुलीच्या लग्नात द्यायला पलंग शोधत आले. पॉलिश केलेला पलंग त्यांनी हातानं चाचपला, हलवून बघितला, खूश झाले. मग त्यांची नजर मागं गेली.

"ते काय हाय वो?"

"पेटी."

"कशाची? दाण्याची?"

पाहुणे पुढं वाकले, फितीचा क्रूस त्यांना दिसला.

"आरारारा," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून त्यांनाच वाईट वाटलं. "मिस्त्री, तुमच्या हातात कला हाय, खोटं न्हाई बोलत. पण ह्यो पलंग नेला तर पोरगी त्याच्यावर पाठ टेकायची न्हाई, आन् आमची मंडळी मला घरात घ्यायची न्हाईत." हसले, नमस्कार केला, गेले. तो पलंग पुढं मीच वापरला. पाळणा तर माझ्याकडं कधीच कुणी सांगितला नाही, सख्ख्या भावानंसुद्धा नाही.

स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याकडं गेलो की बाकावर माझ्याशेजारची जागा आपोआप रिकामी व्हायची. न्हावी खुर्चीवर बसवायचा, पण बोलायचा, "काय मिस्त्री, माझ्याकडं असं टक लावून बगू नगा. माप घेताय का काय?" सगळे हसायचे. मीही हसायचो.

बायको न्हावऱ्याला आईजवळ असे. शनिवारी मी एसटीनं जायचो. दारात बादली भरलेली असायची. "अहो, आधी पाणी घ्या अंगावर." आठवडाभरात एकही पेटी झालेली नसली तरी बादली असायचीच. मी कधी म्हटलं नाही की ह्या वेळी काही नव्हतं. मुकाट अंघोळ करायचो आणि घरात जायचो.

शेडमध्ये येऊन बसणारा माणूस एकच. रेल्वेतून रिटायर झालेले गार्डसाहेब. लग्न केलेलं नव्हतं, कॉलनीच्या मागं भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. दुपारी चारच्या सुमारास यायचे, उलट्या खोक्यावर बसायचे, स्वतःचा बिस्किटाचा पुडा आणायचे आणि चहा माझ्याकडून घ्यायचे. उंच माणूस. दारातून येताना मान वाकवायची सवयच लागली होती, मोकळ्या मैदानातसुद्धा मान वाकवून चालायचे.

"मिस्त्री, माझं माप घेऊन ठेव," म्हणायचे. "सहा फूट एक इंच. ब्रेकव्हॅनमध्ये जन्म गेला, कधी पाय पसरून झोपायला मिळालं न्हाई. निदान तिथं तरी मिळू दे."

"जित्या माणसाचं माप घेत न्हाई आम्ही."

"मग मेल्यावर घे. मी काय नाय म्हणणार नाय तवा."

त्यांना एकच बहीण, वयानं पुष्कळ लहान. आईवडील गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं, शिकवलं. ती मनमाडकडं मिशनच्या शाळेत बाई झाली. साहेब रिटायर झाल्यावर तिनं त्यांना आपल्याकडं राहायला बोलावलं. हे नाही म्हणाले. दौंड सोडवेना. त्यावरून शब्दाला शब्द वाढला. ती म्हणाली, तुला माझी गरज नाही ना, मग मलाही तुझी नाही. ते म्हणाले, नसू दे. दोन वर्षं बोलणं बंद होतं. नाताळात फक्त कार्ड यायचं. ते त्यांनी मला दाखवलं होतं. आत छापलेला मजकूर आणि खाली नुसती सही. "बघ," म्हणाले, "बाईंची सही. मस्टरवर करतात तशी."

तात्या गेले त्याच्या पुढच्या वर्षी, मे महिन्यात, शुक्रवारी सकाळी साहेबांच्या शेजारचे म्हातारे शेडच्या दारात उभे राहिले. तेही रेल्वेतलेच, यार्डात पडेल ते काम करणारे खलाशी होते. आत आले नाहीत. "चल मिस्त्री," म्हणाले, "तुझा चहाचा सोबती गेला."

झोपेतच गेले होते. बहिणीच्या शाळेत फोन केला तर शाळेला सुट्टी, शिपायानं उचलला. निरोप तिच्यापर्यंत पोचायला शनिवार दुपार झाली. ती रविवारच्या गाडीनं निघणार असं कळलं. तोवर साहेबांना बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं.

शनिवारी मी माप घ्यायला गेलो. तात्यांनी भिजवून ठेवलेली दोरी तोवर संपली होती. मी किराणा दुकानातून नवं रीळ घेतलं, तसंच कोरं, आणि त्यातली हवी तेवढी तोडून नेली. भिजवायची आठवणही मला झाली होती. म्हटलं, तात्यांची सोवळी तात्यांबरोबर गेली.

डोक्यापासून टाचेपर्यंत दोरी धरली, गाठ मारली. खांदा, छाती. बर्फाचं पाणी सगळीकडं वाहत होतं. दोरी हातातून सुटून त्यात पडली. चिंब झाली. मी ती पिळली आणि खिशात घातली. माझी नजर त्या वेळी नीट नव्हती, एवढंच लिहितो.

शेडवर आलो तेव्हा खोक्यांच्या लांब फळ्या चारच शिल्लक होत्या. त्यांच्यावर दोरी लावली. फळीच्या टोकाला गाठ बरोबर बसली. अगदी बरोबर. म्हणजे वरची चार बोटं सोडायला जागा नव्हती. लाकडाची वखार बंद झाली होती, ती थेट सोमवारी उघडणार. मी मनाशी म्हटलं, शेवटी शेवटी साहेब बारीक झाले होते, मावतील. बारीक माणूस आखूड होत नाही, हे सुताराला कुणी सांगायला नको. आणि साहेबांनी स्वतःच्या तोंडानं मला आपली उंची शंभर वेळा सांगितली होती. टेप खिळ्याला टांगलेली होती. हात वर करून काढायची, फळीला लावायची. मी हात वर केला नाही.

रविवारी दुपारी पेटी खोलीत नेली. बाहेर मांडवात कॉलनीतली माणसं बसली होती, पाद्रीसाहेब आले होते, बायका गाणी म्हणत होत्या. आत मी आणि ते शेजारचे खलाशी, दोघंच. आम्ही साहेबांना उचलून पेटीत ठेवलं. डोकं वरच्या फळीला टेकलं आणि घोटे खालच्या फळीवर राहिले.

खलाशी वाकून बघायला लागले. "पाय भायेर हायेत की रं."

मी खालच्या फळीवरून हात फिरवला.

"माप घ्यायला आल्तास न्हवं तू?"

"आल्तो."

"मग?"

बाहेरून कुणीतरी ओरडून सांगितलं, मनमाडची गाडी अडीच तास लेट आहे. हे मला नीट लिहायला हवं, कारण सगळं इथंच आहे. गाडी अडीच तास लेट होती. स्टेशनवरून घरी यायला अर्धा तास धरला तर माझ्याकडं तीन तास होते. फळ्या नव्हत्या, पण माझ्या शेडचं दार फळ्यांचं होतं, चांगलं साडेसहा फुटी. ते काढता आलं असतं. नुसत्या खालच्या बाजूच्या फळ्या बदलून पेटी वाढवता आली असती. मी बाहेर जाऊन पाद्रीसाहेबांना म्हणू शकलो असतो, साहेब, चुकलं, मला थोडा वेळ द्या. लोक चिडले असते, हसले असते, आणि थांबले असते.

मला बाहेर बसलेल्या माणसांची लाज वाटली. चहाच्या बाकावरून उठून जाणारी तीच माणसं. एवढं एकच काम ती मला सांगत होती, आणि तेही मला आलं नाही असं झालं असतं.

"कर बाबा कायतरी," खलाशी म्हणाले. "लोकं बसल्यात." आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

मी साहेबांच्या तोंडावर रुमाल टाकला आणि त्यांना कुशीवर वळवलं. गुडघे दुमडले. दोन दिवस बर्फावर राहिलेला देह सहज ऐकत नाही. कसं केलं ते लिहीत नाही. झाकण ठेवलं आणि स्क्रू आवळले. एरवी चार लावतो, आठ लावले.

बाहेर आलो तर पाद्रीसाहेब म्हणाले, "मिस्त्री, बंद केलीत? बहीण यायची आहे."

"डॉक्टर म्हणाले, साहेब. उन्हाळा आहे. आता उघडू नका म्हणाले."

त्यांनी मान हलवली. मांडवात पुढं बसलेली माणसं नकळत जरा मागं सरकली.

बाई आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. हातात एक पिशवी, एका पायातल्या चपलेचा अंगठा तुटलेला, ती फरफटत चालत होत्या. कुणाकडं न बघता आत गेल्या. झाकणावर दोन्ही हात ठेवले.

"हे बंद का आहे?"

कुणीतरी सांगितलं. त्यांनी मागं बघितलं. "मिस्त्री तुम्हीच ना? आधी दादा पत्रातून लिहायचा तुमच्याबद्दल. एकदा उघडा. एकदाच."

"बाई, डॉक्टरांनी..."

"मी लांबून बघेन. हात लावणार नाही. रडणारही नाही, हवं तर."

"नको बाई. होते तसेच राहू द्या तुमच्या डोळ्यांत."

हे वाक्य माझं नव्हतं. तात्यांना मी ते एकदा बोलताना ऐकलं होतं, रुळावर गेलेल्या एका पोराच्या आईशी. तिथं ते खरं होतं.

बाईंनी हात काढून घेतले. त्या शिकवणाऱ्या होत्या, कारण सांगितलं की ऐकून घेण्याची त्यांना सवय होती. दफनभूमीत त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. माती टाकून झाल्यावर माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बरं केलंत तुम्ही. मी हट्ट धरला होता. तुम्ही सांभाळून घेतलंत."

ती दोरी साहेबांच्या पायाशी ठेवायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी सदऱ्याच्या खिशात सापडली, वाळून कडक झालेली. मी टेप काढली. मग त्याच रिळातून माझ्या उंचीची नवी दोरी तोडली, बादलीत बुडवली, वाळवली, पुन्हा मोजली. जवळजवळ तीन बोटं आखडली होती. कोरं सूत पहिल्यांदा पाणी प्यालं की आखडतं. तात्या त्यासाठी रीळ भिजवत होते. सोवळ्यासाठी नाही. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, पण हा काही बचाव नव्हे. दोरीनं तीन बोटं खाल्ली. वरची चार बोटं मी खाल्ली. आणि ते अडीच-तीन तास, तेही मीच.

खलाशी त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. चार वर्षांनी तेही गेले. ते हिंदू, त्यांना पेटी नको होती, तिरडी होती. तिरडीचे बांबू मीच तोडून दिले. टेपनं मोजले, दोरीनं मोजले, पावलांनी मोजले. बांधणाऱ्यांतला एकजण म्हणाला, "मिस्त्री, आप्पाला घेऊन जायचंय, मांडव न्हाई घालायचा." माझ्याकडून दीड हात जास्त तुटले होते.

ख्रिस्ती लोक नोव्हेंबरच्या दोन तारखेला आपल्या माणसांच्या कबरी साफ करतात, चुना मारतात, फुलं ठेवतात आणि दिवेलागणीला मेणबत्त्या लावतात. पहिल्या वर्षी बाई आल्या तेव्हा मी तिथं होतो. साहेबांची कबर मी आदल्या दिवशीच चुन्यानं रंगवून ठेवली होती. त्यांनी कुणी केलं विचारलं, मी सांगितलं. मेणबत्ती लावून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही बघितलंत ना त्याला? चेहरा कसा होता?"

"झोपल्यासारखा होता, बाई."

पुढच्या वर्षी पुन्हा तेच विचारलं. मी तेच सांगितलं, आणि कसं कोण जाणे, वर जोडलं, "ओठांवर जरासं हसू होतं."

तिसऱ्या वर्षी त्या एका दुसऱ्या बाईंना सांगत होत्या, मी पलीकडच्या कबरीपाशी वाकलो होतो. "आमचं बोलणं नव्हतं हो शेवटी. मला वाटायचं रागावून गेला असेल. पण मिस्त्री म्हणाले, हसत होता."

खरं असं की मी साहेबांचा चेहरा बघितलाच नाही. माप घेताना डोळे भरलेले होते, पेटीत ठेवताना नजर पायांकडं होती, आणि मग रुमाल टाकला. तो रुमाल तसाच आत गेला.

दोन हजार सालानंतर पुण्याहून तयार पेट्या यायला लागल्या. प्लायवूडच्या, पॉलिश केलेल्या, तीन मापांच्या. फोन केला की टेम्पोत घालून पाठवतात. पितळी मुठी मी चर्चमध्ये देऊन टाकल्या आणि शिरूरला आलो. तिथं अंत्यविधीच्या साहित्याचं दुकान टाकलं. बांबू, मडकी, सुतळी, पांढरं कापड, गुलाल, कापूर, तुळशीच्या माळा. बौद्ध वस्तीतली माणसं आली की मडकं-गुलाल पुढं करायचा नाही, पांढरं कापड, मेणबत्त्या, अगरबत्ती आणि फुलं काढायची. माणूस बोलायच्या आधीच काय लागणार ते मला कळतं. इथं घासाघीस कुणी करत नाही, कुणी बसत नाही. सामान दिलं की आम्ही "या" म्हणत नाही. गिऱ्हाईकही "येतो" म्हणत नाही. शेजारचा भांडीवाला दिवसभरात शंभर जणांना या, या करतो. मी तोंड मिटून बसतो. बायको आता इथंच राहते. बादली तिनं बंद केली, पण दुकानाकडं ती कधी येत नाही.

दर वर्षी ऑक्टोबर संपला की मी दौंडला जातो, चुना मारतो, दुसऱ्या दिवशी थांबतो. बायकोला वाटतं जुन्या ओळखीपाळखी आहेत. दर वर्षी न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीत बसताना मी ठरवतो की या वेळी सांगायचं. बाई मेणबत्ती वाऱ्यापासून हातानं झाकत उभ्या असतात आणि विचारतात, आणि मी तेच सांगतो.

गेल्या नोव्हेंबरात त्या आल्या नाहीत. त्यांनी पाद्रीसाहेबांकडून माझा मोबाईल नंबर घेऊन फोन केला.

"मिस्त्री, यंदा जमत नाही हो. गुडघे साफ गेलेत. चुना मारला का?"

"मारला, बाई. फुलं बी ठेवली."

"मला माहीत होतं तुम्ही कराल. ऐका, एक काम आहे. दादाच्या शेजारची जागा मी मागून ठेवली आहे. माझी पेटी तुम्ही करायची. ती टेम्पोतली नको."

"मी सोडलं ते काम, बाई."

"माझ्यापुरतं धरा परत. आणि झाकण लवकर लावू नका. माझ्या शाळेतल्या मुली येतील, आता बाया झाल्यात त्या. त्यांना बघू द्या मला. बघायला मिळालं नाही की काय होतं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

मी व्हय म्हणालो. फोन ठेवला. दुकानात एक माणूस कधीचा उभा होता, त्याला कापड फाडून दिलं.

पेटी मी करीन. पण ती नंतरची गोष्ट. त्याआधी त्यांच्यासमोर बसून हे सांगायचं देणं मी लागतो, की त्यांचा भाऊ तिथं दुमडून घातलेला आहे, डॉक्टर काही बोलले नव्हते, त्यांच्या गाडीला उशीर होता आणि मला वेळ होता, आणि तो हसत होता की नाही हे मला माहीत नाही. त्यांना जे बोलायचं असेल ते ऐकून घ्यायचंही. मनमाडला गाडी रोज आहे. मी अजून गेलेलो नाही.